पाय चालते, तर डोके शाबूत

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे शाळकरी पोरांच्याही तोंडी असते. घरातले वडीलधारे माणूस कपाळावरचा चश्मा घरभर शोधू लागले की सगळे हसतात, कोणीतरी ही म्हण म्हणते आणि विषय तेथेच संपतो. परंतु ज्या घरातल्या आजोबांना स्वतःच्या शेताची वाट सापडेनाशी झाली आहे, किंवा ज्या घरातली आजी पोटच्या लेकीला ‘बाई, तू कोणाची?’ असे विचारते, त्या घरात कोणी हसत नाही. आजारी व वृद्ध माणसांना कम्युनियन देण्यासाठी घरोघर फिरताना अशी घरे दिसतात. तेथे एक माणूस आजारी असते आणि त्याच्यापायी दुसरे एक माणूस, बहुधा सून किंवा लेक, दिवसरात्र अडकून पडलेले असते.

गुडघा दुखला की आपण चालण्याचा विचार करतो. छातीत कळ आली की हृदयाचा विचार करतो. परंतु आपण रोज किती उठतो, किती बसतो, किती चालतो याचा डोक्याशी काही संबंध असेल हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. हा संबंध आहे आणि तो जवळचा आहे. तो कसा, आणि त्यासाठी आपल्या घरात व शिवारात काय करता येईल, हे या लेखात पाहू.

म्हातारपण वेगळे, आजार वेगळा

वय वाढले की माणूस थोडे मंदावते. नाव पटकन आठवत नाही, किल्ली कोठे ठेवली ते शोधावे लागते. परंतु थोड्या वेळाने आठवते. हे म्हातारपण झाले. किल्ली हातात आहे आणि ती कशासाठी असते हेच कळत नाही, पन्नास वर्षे केलेली आमटी कशी करायची ते सुचत नाही, रोजच्या वाटेवर माणूस हरवते, हा मात्र आजार आहे. याला स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात. याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमरचा आजार. १९०६ साली अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरने त्याचे वर्णन प्रथम मांडले. त्याच्याकडे आलेली बाई त्या वेळी अवघ्या पन्नाशीची होती. मृत्यूनंतर तिचा मेंदू तपासला, तेव्हा तो झिजलेला आढळला आणि त्यात विचित्र गाठी व गुंते दिसले. म्हणजे बुद्धी ‘नाठी’ होते ती साठी आली म्हणून नव्हे, तर मेंदूत बिघाड झाला म्हणून.

दुसरा प्रकार रक्तवाहिन्यांमुळे होतो. मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या तुंबतात किंवा फुटतात आणि तेवढा तेवढा भाग मरत जातो. मोठी वाहिनी तुंबली तर अर्धांगवायू होतो. बारीक बारीक तुंबत गेल्या तर कोणाला पत्ताही लागत नाही, आणि काही वर्षांनी माणूस ‘बदलल्यासारखे’ वाटू लागते. पुष्कळांच्या बाबतीत हे दोन्ही प्रकार एकत्रच असतात.

आपल्या देशात असे रुग्ण किती? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीचा अंदाज असा की ६० वर्षे व त्यावरील माणसांत शंभरात सुमारे ७.४ जणांना, म्हणजे एकूण सुमारे ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश आहे. त्या पाहणीत आपण लक्षात ठेवावी अशी आणखी एक गोष्ट आहे. हे प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आढळले. तेव्हा ‘हे सारे शहरातल्या बैठ्या लोकांचे दुखणे, आपल्याला मोकळी हवा आहे’ असे समजून आपल्याला गप्प बसता येणार नाही.

आता थोडी आशेची गोष्ट. ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली जगभरचे संशोधन तपासून १४ कारणे सांगितली. ही कारणे दूर झाली तर स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू शकतील किंवा त्यांचा आजार लांबणीवर पडेल, असा त्यांचा हिशेब आहे. ती कारणे अशी: कमी शिक्षण, ऐकू कमी येणे, रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल, मनाची उदासी, डोक्याला मार, हालचालीचा अभाव, मधुमेह, तंबाखू-विडी, वाढलेला रक्तदाब, लठ्ठपणा, अति दारू, एकटेपणा, हवेतील धूर-धूळ आणि उपचार न केलेली अधू दृष्टी. या यादीत ‘हालचालीचा अभाव’ हे एकच कारण मोजलेले असले, तरी तिचा धागा इतर अनेक कारणांतून गेलेला आहे. चालत्या माणसाचा रक्तदाब आवाक्यात राहण्यास मदत होते, साखर कमी चढते, वजन हाताबाहेर जात नाही, मन हलके राहते आणि चार माणसे भेटतात. एक सवय लावली की पाच-सहा कारणांना एकदम हात लागतो.

पाट वाहता तर पीक जिवंत

आपल्या मेंदूचे वजन साधारण १.४ किलो, म्हणजे अंगाच्या वजनाच्या शंभरात दोन हिस्से. परंतु आपण श्वासावाटे घेतलेल्या प्राणवायूपैकी शंभरात सुमारे वीस हिस्से एकटा मेंदू खर्च करतो. घरातले सर्वांत लहान पोर सर्वांत जास्त जेवते, तसा हा प्रकार आहे. आणि हे जेवण त्याला साठवता येत नाही. ते रक्तातून क्षणोक्षणी यावे लागते. काही मिनिटे रक्त पोहोचले नाही तर मेंदूच्या पेशी मरू लागतात.

शेतकऱ्याला हे समजावण्यास पाटाचे उदाहरण पुरे आहे. विहिरीला पाणी आहे, मोटार चालू आहे, परंतु पाट गाळाने भरला आणि सऱ्या बुजल्या तर शेवटच्या वाफ्यातले रोप सुकतेच. मेंदूतील केसासारख्या रक्तवाहिन्या म्हणजे त्या शेवटच्या सऱ्या. वाढलेला रक्तदाब, रक्तातील साखर आणि तंबाखू या तिन्हींनी त्या कडक व अरुंद होतात. आपण भराभर चालतो तेव्हा हृदय जोराने रक्त ढकलते, वाहिन्या रुंदावतात आणि त्यांचे अस्तर लवचिक राहते. चालणाऱ्या पायांचे स्नायू रक्तातील साखर ओढून घेतात, त्यामुळे वाहिन्यांचा साखरेपासून बचाव होतो.

दुसरी गोष्ट मेंदूच्या आतली आहे. कानाच्या पातळीवर, डोक्याच्या आत, दोन्ही बाजूंस करंगळीएवढा एक भाग असतो. त्याचा आकार समुद्रघोड्यासारखा दिसतो, म्हणून त्याला हिप्पोकॅम्पस असे नाव पडले. आज सकाळी काय झाले, कोण भेटले, वाट कोणती, याची नोंद प्रथम येथे होते. उतारवयात हा भाग दरवर्षी थोडा थोडा आकसतो. अल्झायमरच्या आजारात तो फार लवकर आकसतो. मेंदूत पेशींना जगवणारा व त्यांच्या फांद्या वाढवणारा एक पदार्थ तयार होतो. १९८२ साली बार्ड व थोनेन या शास्त्रज्ञांनी तो डुकराच्या मेंदूतून वेगळा काढला. शेतात खताचे जे काम, तेच मेंदूत या पदार्थाचे काम म्हणता येईल. व्यायामाने त्याचे प्रमाण वाढते असे दिसून आले आहे.

तपासून पाहिलेल्या गोष्टी

चालण्याचा फायदा वडीलधारी माणसे पूर्वीपासून सांगत आली. त्याचा पुरावा मात्र अलीकडच्या काळातला आहे.

१९५३ साली लंडनच्या डॉ. जेरी मॉरिस यांनी दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची तुलना केली. ड्रायव्हर दिवसभर बसून, तर कंडक्टर दिवसभर जिना चढउतार करणारा. बस तीच, धूर तोच. परंतु कंडक्टरांत हृदयविकार कमी निघाला. येथून बैठ्या कामाचा धोका मोजण्यास सुरुवात झाली. जे हृदयाला चांगले ते मेंदूलाही चांगले, हे नंतर हळूहळू उलगडत गेले.

२०११ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ५५ ते ८० वयाची १२० माणसे घेतली. निम्म्यांना आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी ४० मिनिटांपर्यंत चालावयास लावले. निम्म्यांना अंग ताणण्याचे हलके व्यायाम दिले. वर्षाने मेंदूची छायाचित्रे काढली तेव्हा चालणाऱ्यांच्या हिप्पोकॅम्पसचा आकार सुमारे २ टक्के वाढलेला होता, तर दुसऱ्या गटाचा सुमारे १.४ टक्के घटलेला होता. आकसणारा भाग चालण्याने थोडा भरून येतो, ही मोठी गोष्ट होय.

फिनलंड देशात ६० ते ७७ वयाच्या १,२६० माणसांवर दोन वर्षे प्रयोग झाला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात नुसता व्यायाम नव्हता. व्यायाम, योग्य आहार, बुद्धीला काम आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष अशी चारही कामे एकत्र होती. ज्यांनी ती केली त्यांची बुद्धी इतरांपेक्षा अधिक टिकली. एका औताने शेत तयार होत नाही, तसेच हे आहे.

धर्मभगिनींच्या एका प्रसिद्ध अभ्यासाचाही येथे उल्लेख करावासा वाटतो. अमेरिकेतील स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम या संस्थेच्या ६७८ वृद्ध सिस्टरांनी डॉ. डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या संशोधनात भाग घेतला. दरवर्षी त्यांची स्मरणशक्ती तपासली जाई आणि मृत्यूनंतर मेंदू तपासण्यास द्यावयाचा, असे त्यांनी कबूल केले होते. १९९७ साली त्यातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. ज्यांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा होत्या, त्यांपैकी ज्यांच्या रक्तवाहिन्याही जागोजागी तुंबलेल्या होत्या, त्यांची बुद्धी जिवंतपणी फार अधिक ढासळलेली होती. वाहिन्या ज्यांच्या चांगल्या होत्या, त्यांच्यापैकी काहींनी तोच आजार डोक्यात असूनही शेवटपर्यंत शुद्धीत काम केले. पाट वाहता ठेवण्याचे महत्त्व यावरून ध्यानात यावे.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर लेख औषधविक्याच्या जाहिरातीसारखा होईल. २०१५ सालीच प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात ७० ते ८९ वयाच्या १,६३५ बैठ्या माणसांना दोन वर्षे चालण्याचा व इतर व्यायाम दिला. त्यांच्या बुद्धीत इतरांच्या मानाने एकंदरीत फरक दिसला नाही. इंग्लंडमध्ये ज्यांना आजार जडलेलाच होता त्यांना व्यायाम दिला. २०१८ साली निष्कर्ष निघाला की अंग सुधारले, परंतु बुद्धीची घसरण थांबली नाही. यावरून दोन गोष्टी समजाव्यात. आजार जडल्यावर तो चालून बरा होत नाही. आणि झाड वाळू लागल्यावर पाणी घालण्यापेक्षा हिरवे असतानाच घातलेले बरे. स्वीडनमधील गोथेनबर्ग शहरात १९६८ पासून ३८ ते ६० वयाच्या १९१ स्त्रियांचा ४४ वर्षे माग ठेवला. तरुण व मध्यम वयात ज्यांची दमसास उत्तम होती त्यांच्यात पुढे शंभरात ५ जणींना स्मृतिभ्रंश झाला. ज्यांची कमी होती त्यांच्यात शंभरात ३२ जणींना. अभ्यास लहान आहे, परंतु दिशा स्पष्ट आहे. म्हणून हा लेख जितका आजोबांसाठी आहे, तितकाच चाळिशीतल्या मुलासाठी व सुनेसाठी आहे.

‘फादर, आम्ही तर रोज राबतो!’

हा प्रश्न येणार हे ठाऊक आहे आणि तो रास्त आहे. चिखलणी, रोपलावण, भांगलण, कापणी, मळणी, ऊसतोड ही कामे ज्यांनी केली त्यांना ‘चालत जा’ असे सांगणे म्हणजे माशाला पोहायला शिकवण्यासारखे वाटेल. परंतु तीन गोष्टी विचारात घ्याव्यात.

पहिली अशी की काम पूर्वीसारखे राहिलेले नाही. बैल गेले, पॉवर टिलर आला. भात कापणी-मळणीचे यंत्र गावात येते. शेतावर जाण्यास मोटरसायकल, दूध घालण्यास मोटरसायकल, कोपऱ्यावरच्या दुकानातही मोटरसायकलच. यंत्र आले हे चांगलेच झाले. कमरेचा काच कमी झाला. परंतु आपल्या बापाला जे चालणे आपोआप घडत होते ते आपल्याला घडत नाही आणि ताटातला भात मात्र तेवढाच राहिला आहे.

दुसरी गोष्ट, शेतीचे कष्ट वर्षभर सारखे नसतात. रोपलावणीच्या दिवसांत माणूस मोडून पडेपर्यंत राबते. पुढे मुसळधार पावसात आठवडेच्या आठवडे सोप्यात बसून काढते. सुगीत पुन्हा धावपळ, मग पुन्हा बसणे आणि आता त्यात हातातला मोबाईल. मेंदूच्या वाहिन्यांना वर्षातून दोनदा आलेला पूर नको असतो. त्यांना रोजची धार हवी असते.

तिसरी गोष्ट, कष्ट आणि व्यायाम एकच नव्हेत. डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे १९७०-७१ साली नोंदवलेल्या हजारो पुरुषांचा पुढे अनेक वर्षे माग ठेवला, तेव्हा जड अंगमेहनतीचे काम करणाऱ्यांत बैठे काम करणाऱ्यांपेक्षा स्मृतिभ्रंश अधिक आढळला. वाकून वाकून, ओझी उचलून, विश्रांती न घेता केलेल्या कामाने रक्तदाब तासन्‌तास चढलेला राहतो. मोकळ्या हातांनी, ताठ मानेने, मनाजोगत्या चालीने केलेल्या फिरण्याने तो काही वेळ चढतो आणि नंतर खाली उतरतो. शिवाय खेड्यात शिक्षण कमी, रक्तदाब न तपासलेला, तोंडात तंबाखू, कानाला कमी ऐकू येत असले तरी ‘चालायचेच’ अशी वृत्ती. या साऱ्याचीही त्यात भर पडते. तेव्हा राबणाऱ्या माणसालाही दिवसातून थोडे मोकळे चालणे आणि थोडी खरी विश्रांती, दोन्हींची गरज आहे.

रोजच्या सवयी

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल सांगितली आहे. पाच दिवस रोज अर्धा तास धरला तर दीडशे मिनिटे भरतात. याला पैसा लागत नाही. पुढील सवयी आपल्या घरात बसतील अशाच निवडल्या आहेत.

१. रोज अर्धा तास भरभर चालावे. चाल कशी असावी? बरोबरच्या माणसाशी बोलता यावे, परंतु गाणे म्हणता येऊ नये, अशी. साधारणपणे मिनिटाला शंभर पावले पडली की ही चाल होते. एकदम अर्धा तास जमत नसेल तर दहा-दहा मिनिटे तीन वेळा चालावे. ‘दहा हजार पावले’ हा आकडा पुष्कळांनी ऐकला असेल. तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आला. इंग्लंडमधील सुमारे ७८ हजार माणसांच्या नोंदींवरून २०२२ साली असे दिसले की रोज ३,८०० पावले चालणाऱ्यांतही स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे पाव हिश्श्याने कमी होते. फायदा ९,८०० पावलांपर्यंत वाढत गेला. म्हणजे थोडेही वाया जात नाही.

२. शतपावली पुन्हा सुरू करावी. रात्रीच्या जेवणानंतर शंभर पावले फिरण्याची आपली जुनी चाल फार शहाणपणाची आहे. तीत एकच दुरुस्ती सुचवतो. शंभर पावले म्हणजे एकच मिनिट झाले; ते दहा मिनिटांपर्यंत न्यावे. जेवणानंतर रक्तात चढणारी साखर याच वेळी स्नायू ओढून घेतात. मधुमेह असलेल्यांनी तर ही सवय सोडूच नये.

३. बसलेले माणूस तासाला एकदा तरी उठावे. २०२३ सालच्या एका मोठ्या अभ्यासात दिवसाला दहा तासांहून अधिक वेळ बसून असणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका वाढलेला आढळला. टीव्हीवर जाहिरात लागली की उठावे, मागच्या दारापर्यंत जाऊन यावे. फोन आला की उभे राहून बोलावे. काजू सोलणे, शेंगा फोडणे, कपडे शिवणे अशी बैठी कामे करणाऱ्या बायकांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

४. खाली बसणे-उठणे सोडू नये. जमिनीवर मांडी घालून बसणे आणि हात न टेकता उठणे हा मांड्यांचा व तोलाचा उत्तम व्यायाम आहे. गुडघे दुखत असतील त्यांनी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठावे व बसावे, दिवसातून दोनदा. पायांत जोर राहिला तर माणूस घराबाहेर पडते, आणि बाहेर पडते तोवर त्याचे डोके कामात राहते.

५. तोल सांभाळण्याचा सराव करावा. दाराची चौकट धरून एका पायावर दहापर्यंत आकडे मोजावेत, मग दुसऱ्या पायावर. टाचेला चवडा लावून सरळ रेषेत दहा पावले चालावे. हे का, तर म्हातारपणी पडून डोक्याला लागणारा मार हेही स्मृतिभ्रंशाचे एक कारण आहे, आणि मांडीचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे डोकेही लवकर खचते. स्वीडनमधील डॉक्टरांनी १९९७ साली एक साधी खूण सांगितली. चालताना कोणी बोलले की जो वृद्ध थांबूनच उत्तर देतो, त्याला पडण्याचा धोका अधिक असतो. घरच्यांनी ही खूण ध्यानात ठेवावी.

६. पाय आणि डोके एकत्र चालवावे. अमेरिकेतील ७५ वर्षांवरील ४६९ माणसांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात शारीरिक प्रकारांपैकी फक्त नाच करणाऱ्यांतच स्मृतिभ्रंशाचा धोका कमी आढळला. कारण उघड आहे; नाचात पावले आठवावी लागतात, ताल ऐकावा लागतो, जोडीदाराकडे लक्ष ठेवावे लागते. आपल्याकडे फुगडी आहे, झिम्मा आहे, लेझीम आहे. गोव्याकडच्या घरांत लग्नाला मांडो व देखणी आहे. लग्नात आजी-आजोबांना खुर्चीत बसवून फोटो काढण्यापेक्षा हाताला धरून दोन फेऱ्या घालावयास लावावे. चालता चालता रोझरी म्हणणे, नातवाला पाढे विचारणे, वाटेवरच्या झाडांची नावे सांगणे, हेही त्याच जातीचे आहे.

७. सोबत शोधावी. एकट्याचे चालणे चार दिवसांत सुटते. शेजारणी-शेजारणींनी, भावाभावांनी वेळ ठरवावी. एकटेपणा हेही त्या चौदा कारणांपैकी एक आहे. सोबत चालले की दोन कारणे एका फेरीत सुटतात. जवळ राहणाऱ्यांनी रविवारी मिस्सेला पायी येण्यास हरकत नाही.

पावसाळ्यात काय करावे? निसरड्या वाटेवर म्हाताऱ्यांनी जाऊच नये. सोपा किंवा पडवी दहा पावलांची असेल तर पन्नास येरझाऱ्यांत पाचशे पावले होतात. सकाळ, दुपार, संध्याकाळ एवढे केले तरी दिवसाची दीड हजार झाली.

त्यांच्या हातचे काम काढून घेऊ नका

आता सर्वांत महत्त्वाचे. आपल्या घरांतून म्हातारी माणसे बसून राहतात ती बहुधा आळसाने नव्हे, तर आपल्या मायेने. ‘बाबा, आयुष्यभर राबलात, आता आराम करा.’ ‘आई, तुम्ही बसा, मी करते.’ हे शब्द प्रेमाचेच आहेत. परंतु याच प्रेमाने आधी हातातला विळा जातो, मग विहिरीवरची फेरी जाते, मग दुकान, मग परसू, आणि शेवटी उरते ती दारातली प्लास्टिकची खुर्ची. पाहुणे आले की म्हणतात, ‘नशीबवान आहेत, काही करावे लागत नाही.’ काही करावे लागत नाही, काही आठवावे लागत नाही, कोणी काही विचारतही नाही. अशा बसण्याने पाय बारीक होतात आणि त्यामागून मनही बारीक होते.

याचा अर्थ त्यांच्या डोक्यावर भाऱ्याचे ओझे द्यावे असा नव्हे. जड काम काढून घ्यावे, परंतु हलके आणि रोजचे असे एक काम त्यांच्या नावावर राहू द्यावे. कोंबड्यांना दाणे घालणे व अंडी गोळा करणे, परसातल्या भाजीला पाणी, डेअरीत अर्धा लिटर दूध पोहोचवणे, पडलेले काजू वेचणे, नातवाला शाळेच्या कोपऱ्यापर्यंत सोडणे. काम असे असावे की ते त्या दिवशी झाले नाही तर कोणाच्या तरी लक्षात यावे. त्यात चालणे आहे, आठवणे आहे आणि ‘माझी अजून गरज आहे’ हे समाधानही आहे. सुनांनो, सासूबाईंनी चिरलेली भाजी जाड झाली तर होऊ द्या. त्या चिरण्यात त्यांचा मेंदू कामाला लागलेला असतो.

घरातल्या कर्त्या बायकांसाठीही एक शब्द. ‘मी दिवसभर घरात फिरतेच की’ असे त्या म्हणतात. चुलीपासून मोरीपर्यंतच्या त्या फेऱ्या थकवतात, परंतु त्यांत दम लागेल अशी सलग चाल नसते. बायकांत हा आजार अधिक आढळतो हे वर सांगितलेच आहे. घरातल्या पुरुषांनी संध्याकाळी अर्धा तास भांडी किंवा मुले सांभाळली तर बाईला तो अर्धा तास मिळेल.

जपून कसे वागावे

चालताना छातीत दाब, डाव्या हातात कळ, फार धाप किंवा चक्कर आली तर तेथेच थांबावे व डॉक्टरांना दाखवावे. रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी आणि गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. पायांत नीट बसणारी, मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट असावेत. रस्त्याने चालताना समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने चालावे. मोटरसायकलवर हेल्मेट घालावे. तेही मेंदूचेच रक्षण आहे.

चाळिशीनंतर वर्षातून एकदा तरी रक्तदाब व साखर तपासून घ्यावी; प्राथमिक आरोग्य केंद्रात ही सोय असते. ऐकू कमी येत असेल, मोतीबिंदू असेल तर उपचार करावेत. ज्याला ऐकू येत नाही व दिसत नाही ते माणूस घराबाहेर पडणेच सोडते.

अचानक तोंड वाकडे झाले, एका हातातला जोर गेला, बोलणे अडखळले तर तो अर्धांगवायू समजावा. तेल चोळत बसू नये, ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे. गाठ विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

आणि घरातील कोणाची विसराळूपणाची लक्षणे वाढत असतील तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा बिघाड, खोल उदासी, काही औषधांचा परिणाम यांमुळेही बुद्धी मंदावल्यासारखी दिसते आणि ही कारणे उपचारांनी बरीच सुधारतात. खरा स्मृतिभ्रंश निघाला तरी त्या माणसाला हाताला धरून रोज थोडे चालवावे. आजार त्याने हटणार नाही. परंतु झोप लागते, चिडचिड कमी होऊ शकते आणि पायांतले बळ अधिक दिवस टिकते. सांभाळणाऱ्या लेकीसुनेलाही तेवढाच मोकळा श्वास मिळतो.

बंधुभगिनींनो, जमिनीची मशागत आपण पेरणीआधी करतो. पीक पिवळे पडल्यावर नांगर घालत नाही. मेंदूच्या जमिनीचेही तसेच आहे. तिची मशागत चाळिशीत सुरू करावी, साठीत चालू ठेवावी आणि ऐंशीतही सोडू नये. त्यासाठी लागणारी अवजारे म्हणजे दोन पाय आणि रोजचा अर्धा तास. आज रात्री जेवण झाले की टीव्ही लावण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला हाक मारा आणि अंगणात दहा मिनिटे बरोबर फिरा. उद्या पुन्हा तेच करा.